ज्वारीच्या दाण्याएवढं

आमच्या आत्ती परकराची नाडी अशी बांधायच्या, की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. एक पाय भिंतीला लावायच्या, पोट आत घ्यायच्या, नाडीची दोन्ही टोकं मुठींना गुंडाळून हिसका द्यायच्या आणि वर निरगाठ. उसाची मोळी आवळावी तशी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या कमरेत दोन बोटं घालून बघितली. बोटं आत गेली. “ढिली हाय,” त्या म्हणाल्या. “कंबर ढिली की बाई ढिली. डोक्यावर पाटी घेतलीस तर आधी पाटी पडंल का परकर, सांगता याचं न्हाई.” आणि माझी नाडी सोडून त्यांनी स्वतः आवळली. त्या दिवशी मला धड जेवता आलं नाही.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. गावात मात्र त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. सासरे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, म्हणून या हवालदारीण. पण हुद्दा खरा यांचाच होता. ते बावीस वर्षं बाहेर असताना चार एकर रान, दोन म्हशी, एक आंधळी आजेसासू आणि आपल्या दोन नणंदांची लग्नं यांनी एकटीनं ओढली. मामा, म्हणजे माझे सासरे, सुट्टीवर आले की अंथरुणाची चौकोनी घडी घालायचे आणि गल्लीतल्या पोरांना सावधान-विश्राम शिकवायचे. आत्ती पाठीमागून म्हणायच्या, “बॉर्डरवर गोळीला भ्याले न्हाईत, पर म्हशीची धार काढा म्हटलं की पळत्यात.” मामा हसायचे.

माझं माहेर पाटणच्या वर, डोंगरात. शाळा आठवीत सुटली, कारण नववीचा वर्ग खाली होता आणि खाली जाणारी एस्टी दिवसातून एकदाच. लग्न होऊन मी इकडं विट्याच्या बाजूला आले, आणि नवरा तमिळनाडूत, इरोडला. आमच्या या भागातली निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायच्या दुकानांपायी देशभर पांगलेली आहेत, आमचंही त्यातलंच एक घर. नवरा वर्षातून दोनदा यायचा. बाकीचा सगळा संसार मी आत्तींबरोबरच केला म्हटलं तरी चालेल.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, पाचव्या महिन्यात, माझं पोटातलं गेलं. बायका बघायला यायच्या आणि दारातूनच सुरू करायच्या, की हिच्या आईलाही असंच झालं होतं म्हणे, डोंगरातल्या पोरींची अंगं कच्ची असतात म्हणे. दुसऱ्या दिवशी आत्ती उंबऱ्यात बसल्या त्या उठल्याच नाहीत. “सून झोपलीया. बघाय ती काय बाजारातली म्हस हाय?” चाळीस दिवस त्यांनी मला भरलेली बादली उचलू दिली नाही. माझ्या आईनं एवढं केलं नसतं. तिला करावंसं वाटलं असतं, पण तिच्या घरात तिचं चालत नव्हतं. तेव्हापासून आत्तींसाठी काहीही करायची माझी तयारी होती, आणि पुढं त्यांनी मागितलं ते अगदी एवढंसं होतं.

त्या नाडीखाली त्यांच्या कमरेला सगळीकडून काळा पट्टा पडला होता. बैलाच्या खांद्याला जुवाचा घट्टा पडतो तसा. उन्हाळ्यात घाम मुरून तिथं चुरचुरायचं, खाज सुटायची. सगळ्या बायकांना असतंच, म्हणून कुणी त्याला दुखणं म्हटलंच नाही. नायटा असेल म्हणून त्या मेडिकलमधली ट्यूब लावायच्या. मग उजव्या अंगाला एक भेग पडली, ती काही भरेना. आत्तींनी तिच्यावर जुन्या लुगड्याची चिंधी ठेवली आणि वरून नाडी बांधली. तितकीच घट्ट. असं दीड वर्ष चाललं. धुणं माझ्याकडं होतं म्हणून मला कळलं. परकराच्या नेफ्यात रोज एकाच जागी पिवळट-तांबडा डाग दिसायला लागला.

“आत्ती, हे काय?”

“काय न्हाई. ढेकूण मारला.”

“रोज एकच ढेकूण? आणि त्याच जागी?”

सांगलीच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढीच असेल. तिनं जखम बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “नाडी कुठं बांधता?”

“कमरंला. आनि कुठं बांधत्यात?”

“किती वर्षं, त्याच जागी?”

“शानी झाल्यापासनं.”

तिनं पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगितलं, की नाडी एकाच जागी वर्षानुवर्षं काचून साडी नेसणाऱ्या बायकांना असा कातडीचा कॅन्सर होतो. फार नाही होत, पण होतो. एस्टीत बसलो, तासगाव आलं. आत्ती म्हणाल्या, “तमाकू न्हाई, मिसरी न्हाई. नाडीनं कोन मरतंय व्हय गं?”

ऑपरेशन झालं. तळहाताएवढा तुकडा काढला, मांडीची कातडी सोलून तिथं लावली. मग पंचवीस दिवस विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन. मामा त्या दिवसांत दवाखान्याच्या फरशीवर पेपर अंथरून झोपले, हे मी विसरणार नाही. आत्ती एकदाही रडल्या नाहीत. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हायला लागली की या तिला दटावायच्या, “आगं, लेकरं जन्माला घातलीस का न्हाईस? मग ह्येला काय भ्यायचं!” सगळ्यांना वाटलं, काय छातीची बाई आहे. शेवटच्या शेकानंतर डॉक्टरीणबाई म्हणाली, “आता आजार नाही. घरी जा, नीट जेवा-खा. फक्त नाडी आवळायची नाही. आणि नवा चट्टा, गाठ, न भरणारी जखम, असं काही दिसलं तर लगेच यायचं.” खरं सांगायचं तर आत्तींचं मोठं दुखणं त्या दिवसापासून लागलं. ते कुठल्याच कागदावर आलं नाही.

सुरुवातीला गंमतच होती. नाडी बंद म्हटल्यावर शिंपिणीकडून खांद्यावर पट्ट्या असलेला परकर शिवून आणला, वरून साडी सैल गुंडाळायची. पाणवठ्यावरच्या बायका म्हणाल्या, “हवालदारीण म्हातारपनी फ्रॉक घालाय लागल्या गं!” आत्ती लगेच म्हणाल्या, “फ्रॉक न्हाई, युनिफॉर्म हाय ह्यो. तुमाला मिळायचा न्हाई, परीक्षा पास व्हावं लागतं.” बायका हसल्या. पण चालताना आत्तींचा हात सारखा कमरेला जायचा. साडी सुटते की काय म्हणून नव्हे. तिथं काही आलंय का, ते बोटं चाचपून बघायची.

मग रोजचंच झालं. सकाळी अंघोळ झाली की परसदाराच्या उजेडात पाठमोऱ्या उभ्या राहायच्या आणि हाक मारायच्या, “वैशे, ये.” मी चुलीवरचं खाली उतरवून जायची. त्यांनी एका डबीच्या झाकणात चार दाणे ठेवले होते, तीळ, मोहरी, ज्वारी, तूर. कुठं ठिपका दिसला की मी दाणा शेजारी धरायचा आणि सांगायचं. “काल मोहरी हुती. आज बघ, ज्वारी झाली असंल.” मी म्हणायची, मोहरीच आहे आत्ती. “नीट बघ. उजेडात सरकू का?” मला नंतर मुलगी झाली होती; एकदा त्यांनी तिचं बॉलपेन घेऊन एका डागाभोवती गोल काढून घेतला. तो आठवडाभर जपला, तिथं साबण लावला नाही. डाग गोलाच्या आतच राहिला. आठव्या दिवशी त्यांनी गोल पुसला आणि बाजूला दुसरा काढायला लावला.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली होती. “माझं मन राखाय खोटं बोलायचं न्हाई. दिसलं तर दिसलं म्हनायचं. खोटं बोललीस तर बघ, माझ्या पिंडाला कावळा शिवायचा न्हाई आनि गाव तुला बोल लावंल.” मी मुळातच भित्री. त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या की मनात यायचं, मला काही दिसलं तर? आणि मला दिसायला हवं ते दिसलंच नाही तर? पण शपथ घेतली, आणि मी ती पाळली. मांडीवरून आणलेली कातडी तिथं वेगळीच दिसायची, गोरी, चकचकीत, ठिगळ लावल्यासारखी. तिच्या कडेकडेनं मी रोज डोळे फिरवले. सणाच्या दिवशी, पाहुणे असताना, मला ताप असताना.

दर तीन महिन्यांनी तपासणी असायची, पुढं सहा महिन्यांनी. तिच्या आधीचा आठवडा म्हणजे घरात सुतकच. आत्ती सगळी पितळेची भांडी चिंचेनं घासून काढायच्या. भर पावसाळ्यात पापड लाटायला घ्यायच्या, ते वाळायचे नाहीत आणि बुरशी यायची. मला हाताला धरून घरभर फिरवायच्या. बी-बियाणं इथं, जमिनीचे कागद तिथं, पाटल्या तुला, बोरमाळ थोरल्या वन्संना. जेवण दोन घासांवर यायचं. मग सांगली. डॉक्टरीणबाई दोन मिनिटांत बघायची आणि म्हणायची, “छान आहे. पुढच्या तारखेला या.” परत येताना स्टँडवर आत्ती भडंगाचा पुडा घ्यायच्या आणि कंडक्टरशी भांडत, खिडकीतून दिसणाऱ्या द्राक्षबागांना नावं ठेवत, मोठमोठ्यानं बोलत घरी यायच्या. चार दिवस घरात दिवाळी. पाचव्या सकाळी हाक, “वैशे, ये.”

एकदा त्यांनी धीर करून विचारलंही. “बाई, छातीत सारखं धडधडतंय. जेवान जात न्हाई. कुनाशी बोलताना बी ध्यान तिथंच.” बाहेर रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली होती. डॉक्टरीणबाई वाईट नव्हती, पण ती म्हणाली, बीपी तपासून घ्या. बीपी बरोबर निघालं. धडधड कशाची, ते विचारायला आणखी कुणी नव्हतं.

गाव तर काय, कौतुकानं मारतं. बायका म्हणायच्या, “तुमी नशीबवान बघा. आमच्या भावकीतली सहा महिन्यांत गेली. तुमी सुटलासा.” आत्ती ऐकून घ्यायच्या. घरी येऊन मला म्हणायच्या, “नशीबवान म्हंजी काय गं? फाशी रद्द न्हाई झाली, तारीख तेवढी न्हाई कळली.” पण हे बाहेर कुणाला बोलून चालायचं नाही. बरं झालेल्या माणसानं रडायचं नसतं. रडलं तर लोकांना वाटतं, आपण केलेलं सगळं वाया गेलं.

एका वर्षी माझे डोळे आले. लाल भडक, पापण्या चिकटलेल्या. आत्ती दोन दिवस थांबल्या. तिसऱ्या सकाळी परसात मामा दात घासत होते, त्यांना म्हणाल्या, “आवं, जरा बघता का.” मी न्हाणीच्या दारात तोंड धुवत होते.

“काय बघायचंय?” मामा म्हणाले. “डॉक्टरनं रिपोर्ट ओके दिलाय. केस क्लोज.”

“नुसतं बघा. मी पदर धरती. एका मिंटाचं काम.”

“लाज हाय का न्हाई? लेकरं-बाळं हायत घरात.” आणि तांब्या तसाच ठेवून ते रानात निघून गेले.

मामांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांनी म्हैस विकून ऑपरेशन केलं होतं. पण ऑपरेशननंतर त्या जागेकडं त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं, हे मला माहीत होतं. ज्या माणसानं सीमेवर काय काय बघितलं असेल, त्याला बायकोची कंबर बघवत नव्हती. आत्ती मला म्हणाल्या, “तुझं डोळं बरं हू देत. घाई न्हाई.” मी त्या दिवशी लाल डोळ्यांनीच बघितलं.

पाच वर्षं झाल्यावर डॉक्टरीणबाई हसून म्हणाली, “आता नेमानं यायची गरज नाही. काही वाटलं तरच या. मोकळ्या झालात तुम्ही.” मामांनी स्टँडवर किलोभर पेढे घेतले. एस्टीत ओळखीच्या माणसाला, बिनओळखीच्या माणसाला, ड्रायव्हरलाही पेढा. “केस क्लोज! खतम!” आत्तींच्या हातात पेढा तसाच होता, तळहाताच्या उबेनं त्याचं तूप सुटलं. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “म्हंजी आता कोनच बघनार न्हाई?”

मी म्हटलं, “मी आहे की.”

हे मी म्हटलं आणि चार महिन्यांत इरोडला गेले. मोठ्या मुलीची शाळा, नवऱ्यानं दुकानावरच घेतलेल्या दोन खोल्या, त्याचं हॉटेलात खाऊन बिघडलेलं पोट. कारणं सगळी खरी होती. तारीख ठरल्यावर चार दिवसांत आत्तींना चार नवे ठिपके सापडले. पाचव्या दिवशी त्यांनी हाक मारली नाही. सहाव्याही दिवशी नाही. मग म्हणाल्या, “जा तू. माझ्या कमरंपायी त्यानं किती वर्सं डबा खायाचा?” जत्रेतून मूठ असलेला एक आरसा घेऊन आल्या आणि मला दाखवला. “आता मी माझं मी बघती.” विट्याच्या स्टँडवर त्यांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवली.

इरोडला पहिलं वर्ष फोनवर त्यांनी कमरेचं नावच काढलं नाही. नातींचं विचारायच्या, म्हशीचं सांगायच्या, शेवटी “बाकी बरं हाय.” मी सगळ्यांना सांगितलं, आत्ती सावरल्या. मला ते पटलं, कारण पटल्यावर मला सोपं जात होतं. परक्या मुलखात भाजीवालीशी बोलता येत नाही, पोरगी शाळेतून रडत येते, अशात एक काळजी कमी झाली तर माणूस खोदून बघत नाही. मी तरी बघितलं नाही.

मग एका दुपारी मामांच्या मोबाइलवरून व्हिडिओचा फोन आला. चित्रात आधी भिंत, मग साडीचा काठ, मग खूप जवळून काहीतरी तपकिरी. “वैशे, बघ. तीन दिस झालं. आरशात दिसतंय, हाताला लागत न्हाई.” खाली दुकानात गिऱ्हाईक होतं, नवरा चहासाठी हाक मारत होता, धाकटी मांडीवर किरकिरत होती. चित्र थांबत होतं, फुटत होतं. पण ठिगळाच्या कडेला मला काळं दिसलं. मी शपथ घेतलेली बाई. शेजारी धरायला दाणा नव्हता, तरी मी मोजमाप सांगितलं.

“आत्ती, काळं दिसतंय कायतरी. ज्वारीच्या दाण्याएवढं. दवाखान्यात दाखवा.”

त्या म्हणाल्या, “व्हय ना? मला वाटलंच.” आवाजात भीती नव्हती. आपलं कुणीतरी ऐकून घेतल्याचं समाधान होतं. तेवढ्यात दार वाजलं आणि मला पुढचं ऐकू आलं. “आवं, वैशी बी म्हनती, हाय कायतरी. बघा की एकदा. न्हाईतर सांगलीला तरी चला.” आणि मामांचा आवाज, “फोनवर काय बघायचं? फाईल बंद झाली, तुझं डोकं तेवढं चालू हाय.” फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी आत्ती एकट्याच सांगलीला गेल्या. हे मला नंतर शेजारणीकडून कळलं. खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, जुनी फाईल शोधायला लागेल, मंगळवारी या, सोबत घरचं कुणीतरी आणा. घरचं कुणीतरी कुठून आणणार? त्या परत आल्या. मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, “दाखवलं. काय न्हाई म्हनले.” मला खोटं बोलू न देणारी बाई माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलली, आणि मला ते ओळखता आलं नाही. मी त्या दिवशी पोरींना शेवयांची खीर केली.

आमच्याकडं घरोघरी बिबे असतात. दाभणाला टोचून दिव्यावर तापवला, की बिब्यातून काळं तेल सुटतं. पायाच्या कुरुपाला, चामखिळीला ते लावतात, आणि ते जाळून टाकतं. आत्तींनी मंगळवारची वाट बघितली नाही. आरशात बघून त्यांनी तो बिबा त्या काळ्या ठिपक्यावर टेकवला. एकदा नव्हे, तीन दिवस. शेक दिलेली, दुसरीकडून आणून लावलेली ती नाजूक कातडी, त्यात अलीकडं अंगात साखर निघालेली. बिबा उतला. फोड आले, फुटले, पाणी कमरेवरून मांडीपर्यंत उतरलं. त्यांनी वर चिंधी ठेवली. कुणाला सांगायचं? सगळ्यांना सांगून झालं होतं.

बिबा लावल्याच्या नवव्या दिवशी सकाळी मामांना त्या गोठ्यात भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या. ताप अंगात मावत नव्हता. मी गाडी बदलून मिरजेला उतरले आणि तिथून सांगलीला पोचले, तोवर रक्तात विष पसरलं होतं. डॉक्टरीणबाई तीच. तिनं जखमेचा तुकडा तपासायला पाठवला होता. तिच्या चेहऱ्यावर राग होता, कुणावरचा ते मला समजलं नाही.

आत्तींनी मला ओळखलं. ओठ सुकले होते, बोलताना शब्द तुटत होते. “जाळून टाकलं, वैशे. आता बघ. हाय का?”

मी पट्टीची कड उचलली. आत काय होतं ते लिहून सांगण्यासारखं नाही. त्यात ठिपका शोधायला जागाच उरली नव्हती.

“न्हाई आत्ती.”

“शपथ?”

“शपथ.”

त्यांनी डोळे मिटले. सहा-सात वर्षांत त्यांचा चेहरा एवढा सैल झालेला मी बघितला नव्हता. दोन दिवसांनी, दुपारी, त्या गेल्या.

तपासणीचा कागद दिवस घातल्यानंतर हातात आला. डॉक्टरीणबाईनं मला फोनवर आधीच समजावून सांगितलं होतं. मामांनी कागद घेतला, चष्मा लावला, काढला, आणि माझ्यापुढं धरला. “काय लिवलंय?”

“कॅन्सर नाही, असं लिहिलंय मामा.”

“मागचं म्हणतीस का आत्ताचं?”

“आत्ताचं. तिथं काहीच नव्हतं. त्या बिब्यानं गेल्या.”

तो ठिपका फोनची सावली होती, नव्या साडीचा रंग उतरला होता, की रोज बोटांनी घासून पडलेला साधा डाग होता, कुणाला सांगता येणार नाही. मी त्याला ज्वारीएवढा म्हटलं, एवढं मात्र खरं. हे मला मामांना सांगायचं होतं, सांगितलं नाही.

“काय नव्हतं, तर एवढं भ्यायचं कशाला?” मामा म्हणाले. “मला एकदा म्हटली असती, बघा म्हणून. बघितलं असतं की.”

“म्हणाल्या होत्या, मामा,” मी म्हटलं. “दोन वेळा. एकदा मी न्हाणीच्या दारात होते, एकदा फोनवर.”

अंगणात कुणीतरी खाकरलं. उंब्रजकडचे लांबचे पाहुणे उशिरा भेटायला आले होते. मामांनी कागदाची घडी केली, अगदी कडेला कड जुळवून, खिशात घातली, टोपी नीट केली आणि बाहेर गेले.

“काय झालं व्हतं वो वहिनींना?” पाहुण्यांनी विचारलं.

मी आत पाण्याचे पेले भरत होते.

“कॅन्सर,” मामा म्हणाले.